'सांकोफा'ला 'सिंहावलोकन' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: "घानातल्या आकान लोकांच्या आदिंक्रा चिन्हांवर मराठीत लेख लिहिते आहे. मान मागे वळवलेल्या पक्ष्याचं 'सांकोफा' हे चिन्ह 'सिंहावलोकन' या शब्दाने सांगता येईल का? आणि आदिंक्राला चित्रलिपी म्हणायचं का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं, म्हणून ते आधी. चित्रलिपी म्हणू नका. लिपीतली चिन्हं एकापुढे एक ठेवली की वाक्य होतं, आदिंक्राचं तसं नाही. इथलं बहुतेक चिन्ह एखाद्या म्हणीला किंवा समजुतीला बांधलेलं असतं. ती म्हण ठाऊक असेल त्याला चिन्ह बोलतं, नसेल त्याला ती नुसती नक्षी. 'आदिंक्रा चिन्हं' एवढंच पुरे आहे.

मुळात आदिंक्रा हे कापडाचं नाव, आणि तेही दुखवट्याच्या. आकानांच्या ट्वी भाषेत 'दि न्क्रा' म्हणजे निरोप घेणं, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. दुसरी कथा राजाची. जामान राज्याचा राजा आदिंक्रा याला असांतेंनी (आकानांचंच एक बलाढ्य राज्य) १८१८ च्या सुमारास लढाईत हरवलं आणि त्याचं कापड व कला आपल्या राजधानीला, कुमासीला आणली, अशी ती कथा. कथा रंगतदार आहे, पण बाउडिच नावाच्या इंग्रजाने १८१७ साली कुमासीत मिळवलेलं आदिंक्रा कापड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. राजा हरण्याआधीच कापड कुमासीत हजर! कला जामानकडून आली असेलही, पण मग त्या लढाईआधी. लेखात ही कथा घ्यायची तर 'अशी आख्यायिका आहे' एवढं जोडाच.

कुमासीजवळच्या न्तोन्सो गावात हे छपाईचं काम अजून चालतं. बादिए नावाच्या झाडाची साल भिजवायची, कुटायची आणि तिचा काढा लोखंडाच्या मळीसोबत आटवत न्यायचा. डांबरासारखा दाट झाला की झाली शाई. ठसे वाळवलेल्या भोपळ्याच्या कवचातून कोरतात, मागे काड्यांची मूठ बांधतात. कापड जमिनीवर ताणून पक्कं करायचं, लाकडी फणी शाईत बुडवून आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, मग एकेका चौकोनात ठसे. भोपळ्याचं कवच मुळात गोलसर, त्यामुळे ठसा सपाट दाबून चालत नाही. एका कडेवर टेकवून दुसऱ्या कडेपर्यंत डोलवत न्यावा लागतो. तुम्ही लेखात 'मुद्रा' लिहिणार असाल तर ते सोडा. आपला 'ठसा' हाच शब्द इथे चपखल बसतो.

आता मुख्य मुद्दा. 'सांकोफा'त तीन क्रियापदं आहेत: 'सान' म्हणजे परतणं, 'को' म्हणजे जाणं, 'फा' म्हणजे घेणं. ट्वीमध्ये क्रियापदं अशी नुसती रांगेत उभी करता येतात. मराठीत आपल्याला मध्ये '-ऊन' घालावं लागतं, 'परत जाऊन घे'. म्हणजे शब्दाचा रोख शेवटच्या 'घे'वर आहे. चित्रातही तेच दिसतं. पक्ष्याचे पाय पुढच्या दिशेला, मान मागे आणि चोचीत किंवा पाठीवर अंडं.

'सिंहावलोकन' हा शब्द मोहात पाडतो हे मान्य. तिथेही एक प्राणी चालता चालता मान मागे वळवतो. पण सिंह मागे बघतो आणि पुढे चालू लागतो, उचलत काही नाही. शिवाय मराठीत या शब्दाला आता संस्थेच्या अहवालाचा वास लागला आहे. सुवर्णमहोत्सवी अंकात पहिला लेख सिंहावलोकनाचा आणि त्यात माजी अध्यक्षांची यादी. सांकोफात अपेक्षा आढाव्याची नाही, सुटलेलं हातात घेण्याची आहे.

शिवाय मूळ म्हण पाहा. तिचा अर्थ साधारण असा: 'विसरलास आणि परत जाऊन आणलंस, तर ते आम्हांला वर्ज्य नाही.' शेवटचं क्रियापद 'ची' हे निषिद्ध मानणं, विटाळ धरणं या अर्थाचं आहे. घरातून निघालेल्याला मागून हाक मारू नये, असं ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला या 'वर्ज्य नाही'चं वजन वेगळं सांगायला नको. 'सिंहावलोकन' घातलं की ही परवानगीच गळून जाते. म्हणून माझं मत: शब्द 'सांकोफा'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ही म्हण मराठीत द्या.

सांकोफाचं दुसरं रूप पत्त्यांतल्या बदामासारखं आहे, वर आणि खाली वळसे असलेलं. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये १९९१ साली अठराव्या शतकातली आफ्रिकी दफनभूमी सापडली. तिथल्या एका शवपेटीच्या झाकणावर खिळ्यांनी बदाम काढलेला होता. तो सांकोफा आहे असं मानलं गेलं, तिथल्या स्मारकावरही ते चिन्ह आलं. पण तेव्हाच्या इंग्रजी शवपेट्यांवरही बदाम असत, हा काही इतिहासकारांचा आक्षेपही वजनदार आहे. आकृती सापडली म्हणजे म्हण सापडली असं होत नाही.

याच कारणाने, 'चिन्ह' आणि 'मूल्य' असा दोन रकान्यांचा तक्ता करणार असाल तर जपून. 'आया' म्हणजे नेचा (फर्न). बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ चिवटपणा, तग धरणं असा देतात. घाना विद्यापीठाच्या बोधचिन्हात मात्र तीन नेचे आहेत ते सरळ वाढतात म्हणून, सचोटीची खूण या नात्याने. त्यांच्याखाली मेंढ्याची शिंगं आहेत, बळासाठी. तीच शिंगं इतरत्र बळासोबत नम्रतेचंही चिन्ह ठरतात. दोन्ही वाचनं आकानांचीच.

मराठीत खरोखर जोडी सापडते ती एका वेगळ्या चिन्हाला. दोन मगरी, पोट मात्र एकच. तरी खाण्यावरून भांडतात. 'फुन्तुनफुनेफू देंचेमफुनेफू' असं भारदस्त नाव आहे त्याचं. आपल्याकडे पंचतंत्रातला भारुंड पक्षी आहे, दोन तोंडं आणि एक पोट. (एकनाथांच्या भारुडाचं नाव याच पक्ष्यावरून पडलं असंही एक मत आहे.) दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण वाचकाला समजावताना भारुंड बिनधास्त वापरा. फरक एवढाच की भारुंडाच्या गोष्टीत रुसलेलं तोंड विषारी फळ खातं आणि पक्षी मरतो. मगरींचा रोख जेवणावर आहे: घास कोणीही गिळला तरी जाणार एकाच पोटात.

राहिला उच्चार. रोमन स्पेलिंग बघून देवनागरी करू नका. ट्वीमध्ये जी-वाय ही जोडी 'ज'सारखी आणि के-वाय 'च'सारखी उच्चारतात. म्हणून मगरीला 'देंक्येम' नाही, 'देंचेम' लिहायचं. घानात प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पाठींवरसुद्धा दिसणारं 'देवावाचून कोणी नाही' या अर्थाचं चिन्ह 'ग्ये न्यामे' नसून 'जे न्यामे' आहे. त्यातला ज 'जीव'मधला, 'जावई'मधला नव्हे.