समुद्र एकदाच पाहिलेल्या पोरीस

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बी.एस्सी.ला झूलॉजी, समुद्र एकदाच पाहिलेला, तोही गणपतीपुळ्याच्या सहलीत, पोहता येत नाही आणि संशोधन करायचंय प्रवाळांवर. घरचे म्हणतात, लातुरात प्यायला पाणी नाही अन् ही समुद्राच्या गोष्टी सांगते. मलाही हेच ऐकवलं होतं. राग धरू नकोस.

आपल्याकडे प्रवाळ म्हटलं की अंगठीतलं पोवळं आठवतं. ते वेगळं. मी ज्यांच्यामागे आयुष्य घातलं ते उथळ, उन्हाच्या पाण्यातले बारके जीव. चुन्याचं घर बांधतात आणि अंगात सूक्ष्म शैवाल सांभाळतात. शैवाल उन्हावर अन्न करतं, त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो, रंगही बहुतेक त्याचाच. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडतं आणि पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा चुना दिसायला लागतो.

एप्रिल २०१६. लक्षद्वीपला मी पाण्यात उतरले तर पाणी अंगाला कोमट लागत होतं, न्हाणीघरातल्यासारखं. खाली फांद्याफांद्यांचं प्रवाळ पांढरंफेक. दिसायला सुंदर, खरं सांगते, आणि म्हणूनच जास्त भीती वाटली. मेलेलं नव्हतं, उपाशी होतं. जवळून पाहिलं तर कातडी अजून शाबूत होती. संध्याकाळी कसाबसा फोन लागला. आई लातूरहून म्हणाली, ‘‘आज मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं गं.’’ आदल्या वर्षी आपला पाऊस बुडवणारा आणि माझ्यासमोरचं पाणी तापवणारा एल निनो एकच होता. लक्षद्वीपला असे मोठे तडाखे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली बसले. दोन तडाख्यांच्या मधली वर्षं मोजून बघ. दुष्काळातून सावरायला दोन पावसाळे लागतात हे तुला कुणी शिकवायला नको. प्रवाळाला त्याहून कितीतरी जास्त लागतात. गोल दगडासारखं वाढणारं पोरायटीस नावाचं प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभरच वाढतं.

घरच्यांना आणखी एक सांग. आपला काळा दगड पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्णबिंदूवरून लाव्हा होऊन ओतला गेला, त्यावरूनच पुढे लक्षद्वीपची पाण्याखालची डोंगररांग उभी राहिली, असं भूशास्त्रज्ञ मानतात. वेरूळ आणि ती बेटं एकाच भट्टीतली!

आता काम. प्रत्यक्षात हे मोजणीचं काम आहे. तुमच्या शिवारात पीक कापणी प्रयोग होतो ना? जागा चिठ्ठी-आकड्यावरून ठरते, चार खुंट्या, दोरी, आतलं पीक कापून, मळून वजन. आम्हीही तेच करतो. पन्नास मीटरचा टेप अंथरायचा, ठरावीक अंतरावर चौकट ठेवायची, आत जिवंत किती, मेलेलं किती, वर उगवलेलं शैवाल किती, हे प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीनं लिहायचं. शेतकरी म्हणतो, ‘साहेब, तिकडं घ्या, तिकडं पार गेलंय’, कारण विमा हवा असतो. पाण्यात उलटं होतं. नवा पोरगा चौकट देखण्या प्रवाळावर ठेवतो. दोघांचंही मन समजतं, पण आकडा दोन्हीकडे खोटाच.

आणि तीच जागा दरवर्षी सापडली पाहिजे. माझ्या पहिल्या हंगामात जीपीएस नव्हता. सळई ठोकली आणि काठावरचा नारळ न् मशिदीचा मिनार एका रेषेत धरून जागा वहीत लिहिली. पावसाळ्यात नारळ पडला. पुढच्या वर्षी चार दिवस शोधलं, सळई मिळाली नाही. वर्षाचं काम गेलं. बेटावरचा एक म्हातारा मच्छीमार हसून म्हणाला, झाडाची खूण धरतात का कधी? तेव्हापासून एका जागेला तीन खुणा, त्यातलं झाड एकही नाही.

बाकीचं थोडक्यात. एम.एस्सी.ला गोवा विद्यापीठ, कोचीचं कुसाट विद्यापीठ किंवा तमिळनाडूत परंगीपेट्टईचं सागरी जीवशास्त्र केंद्र बघ. नेटची परीक्षा दे. तिच्यातून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधनवृत्तीचे महिना ३७,००० कागदावर असतात, हातात पडायला कधी कधी महिने जातात. थोडे पैसे बाजूला ठेव. संख्याशास्त्राचा कंटाळा करू नकोस, कारण वर्षातला महिना-दीड महिना पाण्यात आणि उरलेलं सगळं कॉम्प्युटरसमोर. कडक प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, परवानगीशिवाय मेलेला तुकडाही उचलायचा नाही. परवानग्यांची फाईल हा वेगळाच समुद्र आहे, त्यावर पुन्हा लिहीन.

पोहणं मी विहिरीत शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. तुझ्या मामाच्या विहिरीला दिवाळीपर्यंत पाणी असतं असं लिहिलंयस, तर आत्ताच सुरू कर. कुणीतरी काठावर असल्याशिवाय उतरू नकोस. आणि पोळा झाल्यावर सोयाबीन काढायला आलं की गावात कापणी प्रयोग कुणाच्या शेतात आहे ते तलाठ्याला विचार. जा, दोरीचं एक टोक धर, आणि तिथे कोण काय म्हणालं ते मला सविस्तर कळव.

तुझी,
ताई (मॅडम लिहू नकोस)