यात्रेचा खर्च आणि पोस्टाचे पासबुक

‘पगार बरा आहे, व्यसन नाही, तरी महिनाअखेर हाती काही उरत नाही, कारण नातेवाइकांना आणि मित्रांना नाही म्हणता येत नाही. बचतीची सवय लावायची तरी कशी?’ सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न इतक्या वेळा येतो की, त्याचे उत्तर एका कुटुंबाच्या अनुभवातून द्यावे असे वाटले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मशीन ऑपरेटर असलेले हे ३४ वर्षांचे गृहस्थ पहिल्या पाळीनंतर थेट माझ्याकडे आले होते. गाव विट्याच्या बाजूचे. हातात पडणारा पगार २७,५०० रुपये. पत्नी घरीच ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. दोन चुलतभाऊ गलाई व्यवसायात, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात, परराज्यात स्थिरावलेले. गावच्या यात्रेला ते मोठ्या गाड्यांतून येतात, देवाला भरघोस वर्गणी देतात आणि जेवणावळी घालतात. आदल्या वर्षी त्यांच्या तोडीस तोड पाहुणचार करण्यासाठी या गृहस्थांनी ४०,००० रुपये हातउसने घेतले. पुढच्याच महिन्यात आईला मिरजेच्या दवाखान्यात दाखल करावे लागले, तेव्हा अनामत रक्कम भरायला जवळ दोन हजारही नव्हते. “मॅडम, मटणाला चाळीस हजार मिळालं आणि आईला न्हाई,” एवढे बोलून ते बराच वेळ खाली बघत बसले.

अशा माणसाला जमाखर्च लिहायला सांगणे ही आमच्या व्यवसायातली जुनी सवय. पण हिशेब त्यांना चांगला येत होता, त्यामुळे मी थोडा वेगळा गृहपाठ दिला. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या चौकटीत रोजचा खर्च लिहायचा आणि जो खर्च कोणी पाहत नसते तर केलाच नसता, तो लाल शाईने लिहायचा. महिन्याने त्यांनी ते पान फाडून, घडी घालून आणले. पाळीवरच्या सगळ्यांचा चहा-नाश्ता १८०, साहेबांच्या नातवाच्या बारशाला ५००, मंडळाची वर्गणी १,००१, कारण वरच्या ओळीत शेजाऱ्याचे १,००० होते. लाल आकड्यांची बेरीज ४,६४० रुपये झाली. तो १,००१ मधला एक रुपया त्यांना स्वतःलाच हसू आणून गेला, आणि त्या दिवशी आमचे बोलणे पहिल्यांदा मोकळे झाले.

यानंतर माझ्याकडून एक चूक झाली. लाल बेरीज डोळ्यांसमोर असल्याने मी दरमहा ३,००० रुपये बाजूला ठेवायला सुचवले, तेही पगाराच्याच खात्यात. दोन महिने ते पैसे राहिले. तिसऱ्या महिन्यात मेहुण्याच्या वास्तुशांतीला सगळे पैसे खर्च झाले, कारण आहेराची चर्चा सुरू असताना शिल्लक मोबाइलवर दिसत होती आणि पैसे पाठवायला अर्धा मिनिट पुरत होता. रक्कम त्यांच्या ताकदीबाहेरची होती आणि ती हाताच्या अंतरावर होती. निश्चय कमी पडला असे म्हणून त्यांनाच बोल लावणे अन्यायाचे झाले असते.

वाट सापडली ती त्यांच्या पत्नीमुळे. चौथ्या भेटीला त्या सोबत आल्या आणि सहज बोलताना कळले की, गल्लीतल्या १२ बायकांची ५०० रुपयांची भिशी आहे आणि चार वर्षांत यांचा एकही हप्ता चुकलेला नाही. हे कसे जमते, असे मी विचारले. “भिशी चुकवली तर गल्लीत तोंड कसं दाखवायचं?” त्यांनी मलाच उलट विचारले. ज्या लोकलाजेने नवऱ्याचा खिसा रिकामा होत होता, तीच लोकलाज या बाईंचे पैसे चार वर्षे साठवत होती. मी एवढी वर्षे माझ्याकडे येणाऱ्यांना ‘लोक काय म्हणतील याचा विचार सोडा’ असे सांगत आले. आपल्याकडे खेड्यातून आलेल्या माणसाला तो विचार सोडता येत नाही आणि त्याने तो सोडावा असा आग्रहही मी आता धरत नाही. तो बचतीच्या कामी कसा जुंपता येईल, एवढेच पाहते.

म्हणून आम्ही बचतीला हप्त्याचे रूप दिले. पोस्टात दोघांच्या संयुक्त नावाने पाच वर्षांचे आवर्ती ठेव खाते, म्हणजे बोलीभाषेतली आरडी, दरमहा १,००० रुपयांची उघडली. महिन्याच्या ९ तारखेला उघडल्यामुळे पुढचा प्रत्येक हप्ता १५ तारखेच्या आत भरावा लागतो. चुकला तर शंभराला एक रुपया दंड बसतो. तीन वर्षांच्या आत हे खाते सहजी मोडता येत नाही, मात्र १२ हप्ते नियमित भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते, त्यामुळे आईच्या आजारपणासारख्या वेळी अगदीच हात बांधलेले राहत नाहीत. भिशीच का वाढवली नाही, असे त्यांनी विचारले होते. ओळखीच्या १२ घरांतली भिशी ठीक, पण तिला कागदाचा आधार नसतो. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेतल्या ठेवीसारखे पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षण नसते, हे ठेवीदारांना बहुधा उशिरा कळते.

यात्रा बंद करा, असे मी सांगितले नाही. ज्या गावात वडिलांचे नाव आहे, तिथे वर्षातून एकदा चार पाहुणे जेवू घालण्यात मला उधळपट्टी दिसत नाही. पण यात्रेची तिथी वर्षभर आधी ठाऊक असते, तरी तिचा खर्च दरवर्षी अचानक आल्यासारखा का येतो? पत्नीने शिलाईच्या पैशांतून दरमहा ५०० रुपये डब्यात टाकायचे आणि ६,००० मध्ये बसेल तेवढीच यात्रा करायची, असे दोघांनी ठरवले. या वर्षी मटणाऐवजी पुरणपोळी झाली. चुलतभाऊ दोन पोळ्या जास्त जेवले, हे त्यांनी मला जरा अभिमानानेच सांगितले.

खरी मेहनत लागली ती नकाराच्या वाक्याला. ‘पैसे नाहीत’ म्हटले तर खोटे आणि ‘देत नाही’ म्हटले तर तुटक. कक्षात मी मित्र व्हायचे आणि त्यांनी उत्तर द्यायचे, असे आम्ही तीन भेटींत केले. शेवटी त्यांच्या तोंडी बसले ते असे: “हप्ता भरून ऱ्हायलेल्यात बसतंय तेवढं देतो, भावा.” यात खोटे काही नाही आणि माणूसही तुटत नाही, असे मला वाटले होते.

आज १४ हप्ते झाले आहेत. दिवाळीच्या महिन्यात एक उशिरा भरला, १० रुपये दंड पडला. ती नोंद ते पासबुकात बोट ठेवून दाखवतात. गेल्या महिन्यात पाळीवरच्या जवळच्या मित्राने १०,००० मागितले. यांनी ठरलेले वाक्य म्हणून २,००० दिले. मित्राने पैसे घेतले, पण तेव्हापासून तो जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या टेबलावर बसतो. “पैसं वाचलं मॅडम, पण डबा गोड लागंना,” असे ते परवा म्हणाले. त्या रिकाम्या खुर्चीचे काय करायचे, यावर आम्ही पुढच्या शनिवारी बोलणार आहोत.