भावाला आठ दिवस खोलीत कोंडलं तर दारू सुटेल का?

तुम्ही लिहिलंय भाऊ सकाळी उठल्या उठल्या घेतो, तर आठ दिवस कोंडून ठेवला तर सुटेल का. प्लीज असं करू नका. मी स्वतः 11 वर्षं प्यायलोय आणि माझ्या घरच्यांनी अगदी हेच केलं होतं.

पहिल्या दिवशी घाम, उलट्या, हात एवढे थरथरत होते की कप धरवेना, सगळ्यांना वाटलं नाटकं करतोय. दुसऱ्या दिवशी फिट आली, जीभ चावली गेली. तिसऱ्या रात्री मी भिंतीवरच्या मुंग्या झटकत बसलो होतो म्हणे आणि सख्ख्या बहिणीला ओळखलं नाही, मला यातलं काहीच आठवत नाही. तेव्हा कुठे हॉस्पिटल.

होतं काय, दारू मेंदूला मंद करते, मग रोज पिणाऱ्याचा मेंदू उलट्या बाजूने जोर लावायला शिकतो, रस्सीखेच चालू असते तशी. एका बाजूने दोरी एकदम सोडली की दुसरी बाजू आडवीच. फिट बहुतेक पहिल्या 48 तासांत येते, भास आणि भ्रम 2 ते 4 दिवसांत, आणि उपचार नाही मिळाले तर माणूस जातो सुद्धा. हेरॉइन बंद केल्यावर हाल भयंकर होतात पण त्या हालांनी सहसा जीव जात नाही, तिथे खरा धोका नंतर असतो, महिनाभर बंद ठेवून पुन्हा जुनाच डोस घेतला की शरीराला तो झेपत नाही आणि श्वास थांबतो. आणि लोक म्हणणार, दारूच तर आहे, ड्रग्ज थोडीच घेतोय!

लाजेपोटी लपवत असाल तर एक आकडा सांगतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या रिपोर्टप्रमाणे जगात सुमारे 40 कोटी लोकांना दारूचा विकार आहे, आणि 2019 या एका वर्षात दारूने 26 लाख गेले, ड्रग्जने 6 लाख. डॉक्टरसमोर रोज असेच पेशंट येतात हो, तुमचा भाऊ काही पहिला नाही.

मनोविकारतज्ज्ञांना गाठा. किती पितो ते खरं सांगा, आम्ही निम्मंच सांगितलं होतं. ते काही दिवस गोळ्या देऊन हळूहळू कमी करतात, सोबत बी 1 व्हिटॅमिन देतात कारण पिणाऱ्यांच्यात ते कमी असतं आणि त्याने मेंदूला कायमचं नुकसान होऊ शकतं. हा आठवड्याभराचा डिटॉक्स म्हणजे फक्त शरीर साफ, डोकं नाही. मी त्यानंतरही दोनदा घसरलो.

तोपर्यंत त्याची बाटली ओतून देऊ नका, विचित्र वाटेल पण देऊ नका. मध्येच फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा वगैरे काही घालू नका आणि सरळ इमर्जन्सीला न्या. शेवटचं कधी प्यायला ती वेळ कागदावर लिहून न्या, मला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं आणि घरातल्या एकालाही सांगता आलं नाही.