वाचकांचे प्रश्न : गळक्या छताचा फोटो टाकला म्हणून नोटीस येईल का?

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. पावसाळ्यात वर्गाचं छत गळतं, मुलं एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसतात. दोनदा तोंडी सांगून झालं, शेवटी वैतागून फेसबुकवर फोटो टाकला आणि वर लिहिलं "हीच का गुणवत्ता?". दुसऱ्याच दिवशी केंद्रप्रमुखांचा फोन, आधी पोस्ट काढा म्हणून. काढली. पण मी खोटं काय लिहिलं होतं? आणि माझा भाऊ पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो आमच्यात असलं काही नसतं. खरं का?

उत्तर : मॅडम, खोटं तुम्ही काहीच लिहिलं नाही, पण अडचण तिथे नाहीच. २८ जुलै २०२५ ला सामान्य प्रशासन विभागाचा सोशल मीडियावर जीआर निघाला, तो जिल्हा परिषदेसकट स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, अगदी कंत्राटीवाल्यांनाही. त्यात शासनाच्या धोरणावर किंवा कृतीवर प्रतिकूल टीका नको असं आहे, म्हणजे तुमची ती एक ओळ त्यात सहज बसवता येते. आणि गंमत बघा, पर्सनल अकाउंटवरच्या फोटो-रीलमध्ये शासकीय इमारत दाखवू नका असंही त्यात आहे, मग वर काहीच न लिहिता नुसतं छत टाकलं असतं तरी बोट दाखवायला जागा होतीच. (शाळेच्या व्हरांड्यात बालगीतांचे रील करणाऱ्या गुरुजींनीही हे वाचून ठेवा. आत्मस्तुती नको हेही त्यातच आहे, ते किती साहेबलोक पाळतात ते तुम्हीच बघा.)

टीका नको ही गोष्ट नवीन नाही, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही ती आहे, जीआरने ती फक्त मोबाईलपर्यंत आणली. पण म्हणून सरकारी माणसाला तोंडच नाही असंही नाही हं. त्रिपुरात मत्स्य खात्यातल्या एका बाईंना रिटायर व्हायला चार-पाच दिवस उरले असताना सस्पेंड केलं होतं, कारण काय तर राजकीय सभेला जाणं आणि फेसबुक पोस्ट. २०२० मध्ये तिथल्या हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि म्हटलं की सरकारी नोकर झाल्याने भाषणस्वातंत्र्य जात नाही, मात्र वर्तणूक नियमांच्या मर्यादेत. आता ती मर्यादा नक्की कुठे संपते हे आधी कळत नाही, चौकशी लागल्यावरच कळतं, आणि मला विचाराल तर या जीआरचं खरं दुखणं हेच आहे, माणूस भीतीने कामाचं बोलणंही बंद करतो.

तुम्ही आता एक करा, तोंडी सांगणं सोडा. मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, फोटो त्याला जोडा, पोच घ्या, आवक नंबर लिहून ठेवा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठरावही करून घ्या, समितीतले जे पालक सरकारी नोकर नाहीत, त्यांना हा जीआर लागत नाही.

भाऊरायांना सांगा, तुमच्याकडे उलट बंधनं जास्त असू शकतात. भाषणस्वातंत्र्याचं कलम १९ मुळात सरकारविरुद्ध चालतं, खासगी कंपनीविरुद्ध ते सहसा पुढे करता येत नाही. तिथे चालतं ते ऑफर लेटर आणि जॉइन होताना न वाचता "आय अॅग्री" केलेली पॉलिसी. ती एकदा उघडून वाचा म्हणावं, लिंक्डइनवर मॅनेजरबद्दल लिहायच्या आधी.