वाचकांचे प्रश्न : भिंत पडली, मग फट कसली?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर) : जर्मनी एक होऊन 35 वर्षं झाली. तरी फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीचा नकाशा पाहिला तर साम्यवादी पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधली जुनी सरहद्द जशीच्या तशी उमटलेली. पूर्वेच्या पाचही राज्यांत एएफडी हा कडवा उजवा पक्ष पहिला. पैसा तर भरपूर ओतला होता ना?

उत्तर : ओतला. पण गाठ बसली ती सुरुवातीलाच. 1 जुलै 1990 ला पूर्वेत तिथल्या मार्कऐवजी पश्चिमेचा मार्क हे चलन आलं. देश एक झाला तो नंतर, 3 ऑक्टोबरला. पगार, पेन्शन, घरभाडं एकास एक बदललं. बचतीला मर्यादा होती : लहान मुलांना 2,000, मोठ्यांना 4,000, साठीपुढच्यांना 6,000 मार्क एकास एक, त्यावरच्या रकमेला दोनाला एक. चाळिशीतल्या माणसाच्या पासबुकात 10,000 असतील, तर 4,000 अधिक 3,000, हातात 7,000. घरात आनंदीआनंद.

कारखान्यात उलटं. आपल्या उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्याला लगेच कळेल. माल तोच, भट्टी जुनी, पण पगार एका रात्रीत पक्क्या चलनात. निर्यातीतून एक पश्चिमी मार्क कमवायला पूर्वेच्या कारखान्याला आधी पूर्वेचे चाराच्या वर मार्क खर्च येई. सोव्हिएत युनियन, पोलंड ही हक्काची गिऱ्हाइकं. त्यांच्याकडे पक्कं चलन कुठलं? ऑर्डरी आटल्या. त्विकाउची ट्राबांट मोटार 30 एप्रिल 1991 ला बंद झाली.

पूर्वेचे सरकारी कारखाने विकायचं काम ट्रॉयहांड या सरकारी संस्थेकडे. सुरुवातीला हाताशी सुमारे 8,500 कारखाने, 40 लाख कामगार. 1994 अखेर गाशा गुंडाळला. मोठे खरेदीदार बहुतेक पश्चिमेचे, कारण पूर्वेत भांडवल साठवायची सोयच नव्हती. साहेब तिकडचा, नोकरी गेली ती इकडची, हा सल तिथला.

घरांचं दुखणं वेगळंच. पूर्व जर्मन राजवटीने घेतलेली मालमत्ता शक्यतो मूळ मालकाला परत, भरपाई नंतर, असा नियम ठरला. दावे वीस लाखांच्या वर गेले. सातबाऱ्यावर वाद असला की बँक कर्जाला हात लावत नाही, तसंच तिथे झालं : पिढीभर भाड्याने राहिलेलं कुटुंब टांगणीला, आणि छप्पर गळतंय तरी दुरुस्ती कुणी करायची हे ठरेना. (1945 ते 49 मध्ये सोव्हिएत अंमलात घेतलेल्या जमिनी या नियमातून वगळल्या होत्या. त्यावरून कोर्टकचेरी झाली ती निराळी.)

प्रश्न (शाहूपुरी, कोल्हापूर) : पूर्वेसाठीचा कर फक्त पश्चिमेकडचे भरतात, हे खरं का?

उत्तर : नाही. 1991 पासूनचा हा ‘एकजूट अधिभार’ दोन्हीकडचे करदाते भरत आले. 1998 पासून तो आयकरावर 5.5 टक्के होता. 2021 पासून जवळपास 90 टक्के करदात्यांना माफ आहे. पेन्शनचा दर मात्र दोन्हीकडे सारखा व्हायला 1 जुलै 2023 उजाडला.