वजनाविषयी मुलाशी कसे बोलावे?

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. डॉक्टरांनी उंची-वजनाचा तक्ता पाहून त्याला लठ्ठपणा असल्याचे सांगितले. आम्ही रोज समजावतो, आजी त्याला लाडाने ‘गोलू’ म्हणतात, वडील चुलतभावाचे उदाहरण देतात. तो मात्र चिडतो आणि वेफर्सची पाकिटे दप्तरात लपवून खातो. त्याला कसे पटवून द्यावे?
– एक आई, ठाणे

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, तरीही पटवून देणे काही काळ थांबवावे, असे मी सुचवेन. लपवून खाण्यामागे बहुधा हट्ट नसतो, लाज असते, आणि टोमण्यांनी ती लाज वाढते. म्हणून ‘गोलू’ ही हाक आणि चुलतभावाशी तुलना आजच बंद व्हावी.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या समस्येने ग्रासलेल्यांसाठी समुपदेशनाची एक पद्धत मांडली; पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह तिचा विस्तार केला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये मुलांच्या लठ्ठपणावरील उपचारांतही तिची शिफारस केली आहे. आपण बदलाची बाजू मांडू लागलो, की समोरचा आपोआप विरुद्ध बाजू लढवू लागतो. म्हणून बदलाची कारणे मुलाच्याच तोंडून यावीत, यावर या पद्धतीचा भर असतो.

एखाद्या निवांत संध्याकाळी त्याला विचारावे : “शाळेतून आल्यावरच्या खाण्यात काही बदल करणे तुला शून्य ते दहापैकी किती महत्त्वाचे वाटते?” तो ‘चार’ म्हणाला, तर ‘चारच का?’ असे विचारू नये, कारण मग तो केवळ अडचणी सांगेल. ‘एक किंवा दोन का नाही?’ असे विचारल्यास त्याला स्वतःची कारणे शोधावी लागतात. ‘कबड्डीत लगेच दम लागतो’ असे काही तो बोलला, तर तेथेच उपाय सांगण्याचा मोह आवरावा. “म्हणजे तुला पूर्ण डाव खेळायचा आहे,” एवढेच म्हणून थांबावे. पालकांना हे थांबणेच सर्वांत अवघड जाते. सल्ला द्यावासा वाटलाच, तर आधी ‘एक सुचवू का?’ अशी परवानगी घ्यावी.

पहिला बदल त्यालाच निवडू द्यावा, मग तो आपल्याला कितीही किरकोळ वाटो. नियम मात्र घरातील सर्वांना सारखे असावेत : त्याच्यापुढे मोड आलेले मूग आणि इतरांच्या हाती फरसाण, असे होऊ नये. वाढत्या वयात वजन किती कमी व्हावे, की उंची वाढेपर्यंत ते स्थिर राहिले तरी पुरे, हे डॉक्टरांनीच ठरवावे. घरी दर रविवारी त्याला काट्यावर उभे करू नये.

मानेवर काळसर, जाड पट्टा दिसत असेल, तो झोपेत मोठ्याने घोरत असेल किंवा त्याचे गुडघे वा मांडीचा सांधा दुखत असेल, तर बालरोगतज्ज्ञांची भेट लांबवू नये. खाण्यावर ताबा राहत नाही असे तो सांगत असेल, किंवा खाऊन मुद्दाम उलटी करत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवावे.