विमानं उभी होती तेव्हा कामावर कोण होतं?

कराडच्या एका ताईंचं पत्र आलंय. लेक बारावी सायन्सला आहे, तिला एएमई, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअर व्हायचंय. पण भाच्याची विमानतळावरची ग्राउंड स्टाफची नोकरी 2020 मध्ये गेली, तेव्हापासून घरात विमानाचं नाव काढायची सोय नाही. "पुन्हा साथ आली तर?" असं त्या विचारतात.

ताई, तुमची भीती खोटी नाही. 25 मार्च 2020 पासून देशांतर्गत प्रवासी उड्डाणं सरकारी आदेशाने थांबली. 25 मे रोजी सुरू झाली, तीही नेहमीच्या एक तृतीयांश. किती उड्डाणं करायची, तिकीट कमीत कमी आणि जास्तीत जास्त कितीला विकायचं, सगळं दिल्लीत ठरायचं. पूर्ण क्षमतेची मुभा मिळायला 18 ऑक्टोबर 2021 उजाडला. नियमित आंतरराष्ट्रीय सेवा तर 27 मार्च 2022 ला सुरू झाली. इतके महिने काउंटरवर माणसं कोण ठेवणार? भाच्याची नोकरी त्याच्या चुकीने गेली नाही, हे त्याला घरातल्या कुणीतरी एकदा सांगा.

लेकीचं काम मात्र वेगळं आहे. उभं विमानही सांभाळावं लागतं. टायर एकाच जागी दबून राहू नयेत म्हणून चाकं फिरवायची, इंजिनांची तोंडं झाकायची, हवेचा वेग मोजणाऱ्या बारीक नळ्यांत किडे शिरू नयेत म्हणून त्यांनाही टोप्या घालायच्या. देखभालीनंतर लायसन्सधारक इंजिनिअरची सही झाल्याशिवाय विमान उडत नाही, हा नियम साथीतही सुटला नाही. पगार त्यांचेही कापले गेले, नव्या मुलांची भरती अडली, हेही खरं.

1 एप्रिल 2020 पासून देखभालीच्या कामावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. दुरुस्ती देशातच व्हावी हा त्यामागचा हेतू. नागपूरच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पात असं काम चालतं.

आता फीबद्दल. संस्थेचं सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नव्हे. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्यांच्या परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात, प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, त्यात वर्षं जातात. पैसे भरण्याआधी संस्थेचं नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः शोधा. एजंटने दाखवलेल्या कागदावर जाऊ नका. मुलीला यंत्रांची आवड असेल तर बी1 प्रकारचं लायसन्स, इलेक्ट्रॉनिक्सची असेल तर बी2.

आणि भाच्याला एकदा समोर बसवून विचारा, त्या एप्रिलमध्ये उभ्या विमानांपाशी रोज कोण येत होतं. लेकीलाही ते ऐकू द्या.